डाव्या टायरचं टेंगूळ

बैठकीच्या खोलीत मधोमध वर्तमानपत्र पसरून त्यावर टायर आडवा ठेवला होता आणि त्याच्याभोवती सगळं घर बसलं होतं. टायरला टेंगूळ आलं होतं. काल संध्याकाळी मास्तरांनी नेहमीप्रमाणे गाडीभोवती चक्कर मारली, तेव्हा पुढच्या डाव्या टायरच्या बाजूवर त्यांच्या बोटांना ते लागलं, चांगलं लिंबाएवढं. मास्तरांनी तिथल्या तिथे जॅक लावला, स्टेपनी चढवली आणि टायर घरंगळत थेट बैठकीत आणला. सासूबाई म्हणाल्या, "अहो, ही काय टायर ठेवायची जागा झाली?" मास्तर म्हणाले, "पुरावा आहे. इथेच राहील."

पुरावा कुणाविरुद्ध, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. सूनबाई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी अशा वेळी नेमकी दाराजवळचीच खुर्ची आपल्या वाट्याला का येते, याचा ती विचार करत होती.

उद्या सोमवार. उद्यापासून तिला डोंगरापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. शहरातल्या दवाखान्यात लाडावलेल्या मांजरांची नखं कापून कापून ती विटली होती. गायींचं, घोड्यांचं, खरं अंगमेहनतीचं काम मिळावं म्हणून तिने अर्ज केला होता आणि तो मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच नाचली होती. पण डोंगरापलीकडे बस दिवसातून एकदाच जायची आणि आजारी पडणारी गाय काही बसची वेळ बघून पडत नाही. गाडी हवी. गाडी घरात एकच आणि ती मास्तरांची. शहरातल्या शहरात ती सूनबाईलाही मिळायची, पण रोज डोंगरापलीकडे न्यायची ही गोष्ट वेगळी. तिने विचारलं की मास्तर म्हणत, "आधी टायरचं ठरू दे." जुने टायर झिजत आलेच होते, त्यामुळे हे म्हणणं वावगंही नव्हतं. आता त्यात हे टेंगूळ. डोंगरावर जायच्या आधीच जी बाई टायर आपटते, तिच्या हातात घाटाच्या रस्त्यावर गाडी कोण देणार?

मास्तर म्हणजे काही साधासुधा सासरा नव्हे. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती. शाळा बंद करून बरीच वर्षं झाली तरी रस्त्यात चांगले टक्कल पडलेले लोक त्यांना पाहिलं की आपसूक स्टेअरिंगवरचे दोन्ही हात नीट करायचे. नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या मुलाला, घरात सगळे बघूच म्हणत, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ते एकच. त्याची मोठी बहीण, ताई, पलीकडच्या गल्लीत राहायची, विमा विकायची आणि शनिवारी गाडी न्यायची. ही दोघंही मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेली. सूनबाई तेवढी माहेरून शिकून आली होती. लग्न ठरताना मास्तरांनी तिच्या वडिलांना पहिला प्रश्न विचारला होता तो, "शिकवलं कुणी?"

"टायर दुकानदाराच्या मर्जीने घ्यायचा नसतो," मास्तरांनी सुरुवात केली. हातात सासूबाईंची विणकामाची सुई होती, टायरवर बोट दाखवायला. "तो चालवणाऱ्याच्या सवयीने घ्यायचा असतो. नाहीतर पैसे पाण्यात. तेव्हा प्रत्येकाने सांगा, गाडी कशी चालवता. आणि खरं सांगा."

"मी नीट चालवते," ताई म्हणाली.

बघू खोकला.

"खोकायला काय झालं?"

"काही नाही. तुझ्या शेजारी बसलं की मला गाडी लागते, एवढंच आठवलं."

"लागणारच. सदा मान खाली घालून फोनमध्ये बघत असतोस." ताई मास्तरांकडे वळली. "बाबा, मी जरा वेगात असते, मान्य. मला लोकांना वेळा दिलेल्या असतात. मला मऊ रबराचे टायर हवेत, वळणावर रस्ता धरून ठेवणारे. ब्रेक मारला की जागच्या जागी उभी राहायला हवी गाडी."

"आणि वर्षभरात गुळगुळीत," मास्तर म्हणाले. सुई टायरच्या बाहेरच्या कडेवर आली. इथली नक्षी मधल्यापेक्षा जास्त झिजली होती. "ही कड कुणाची, मी विचारत नाही. वळणावर आधी वेग कमी करायचा असतो, मग वळायचं असतं. हे तुला कितीदा सांगितलं?"

"शनिवारच्या शनिवार," ताई म्हणाली.

बघूने फोन वर केला. महिनाभर तो टायर वाचत होता. कुठल्या टायरची नक्षी किती खोल, कुणाचं रबर टणक, कोण किती वर्षं टिकतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. फक्त कुठला घ्यायचा, ते ठरत नव्हतं. "हे बघा, हे टणक रबराचे. टिकायला एकदम चिवट. शिवाय आत्ता ऑफर आहे, दोनावर दोन."

"ओल्या रस्त्यावर टणक रबर घसरतं," सूनबाई दाराजवळून म्हणाली. "आणि बाजूवर आकडे असतात ना, कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनवला त्याचे, ते बघितलेस? वापरला नाही तरी टायर म्हातारा होतोच. असे पडून राहिलेलेच ऑफरमध्ये काढतात."

"बघू," बघू म्हणाला. त्याने फोटो मोठा केला, डोळे बारीक केले आणि हळूच फोन खिशात ठेवला.

मास्तरांच्या मिशीत काहीतरी हललं. पण सुनेचं कौतुक करायचं तर आजचा दिवस तो नव्हता.

"मला विचारणार आहे का कुणी?" सासूबाई म्हणाल्या. सासूबाई जन्मात स्टेअरिंगला शिवल्या नव्हत्या, पण डाव्या सीटवर बसून त्या सतत ब्रेक दाबायच्या. इतक्या, की त्यांच्या पायाखालच्या रबरी मॅटला भोक पडलं होतं. "मला आवाज न करणारे हवेत. त्या टायरांच्या घरघरीत तुम्ही पुढे काय बोलता ते मला ऐकू येत नाही. मग घरी आल्यावर सगळं पुन्हा विचारावं लागतं."

"आई, तू बसतेस पुढेच," बघू म्हणाला.

"म्हणून तर. मागचं ऐकू येत नाही."

सगळे हसले. सूनबाईही हसली आणि लगेच तिच्या लक्षात आलं की मास्तर हसत नाहीयेत, ते तिच्याकडे बघताहेत.

"हं. तू बोल."

ती सरळ बसली. हे वाक्य तिने सकाळपासून मनात घोळवलं होतं. "घाटाचा रस्ता आहे, बाबा. बहुतेक वेळा ओला. पुढे दोन-तीन मैल कच्चा. मागे औषधांच्या पेट्या, गमबूट, दोरखंड, म्हणजे वजन. मी वेगात जात नाही. मला खोल नक्षीचे हवेत, पाणी बाहेर फेकणारे. बाजू जाड हव्यात, दगड सोसणाऱ्या. पण अगदी शेतात घालायचे ते नकोत. ते पक्क्या रस्त्यावर घरघरतात आणि पेट्रोलही जास्त खातात. मधले हवेत. थोडे महाग पडतील, पण माझ्या हातात टिकतील."

"तुझ्या हातात," मास्तर म्हणाले आणि सुईचं टोक टेंगळावर ठेवलं. "मग हे कुणाच्या हातात झालं?"

बाजूच्या रबराला एवढं टेंगूळ आलं की तो टायर संपला. ते दुरुस्त होत नाही आणि रस्त्यात कधी फुटेल सांगता येत नाही. कुणीतरी कडेला आपटल्याशिवाय ते येत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्याकडून शक्यच नाही," ताई म्हणाली. "मी वळणावर कशीही असेन, पण लावताना मी अगदी व्यवस्थित टेकवते."

"मी पण टेकवतो," बघू म्हणाला. "हलकेच."

टेकवणं हा या घरातला शब्द. मास्तरांच्या शाळेतला शेवटचा धडा. गाडी रस्त्याकडेला लावायची तर डावा टायर फुटपाथच्या कडेला अलगद टेकवायचा. टेकला की गाडी लागली. टेकला नाही तर तुमचं शेपूट रस्त्यात आहे असं समजा. हा धडा जमला नाही तर मास्तर परीक्षेला पाठवत नसत. त्यात डावे टायर लवकर जायचे, ही गोष्ट वेगळी. त्याचं कारण मास्तरांनी फार पूर्वीच शोधून ठेवलं होतं. रस्त्याला उतार डावीकडे असतो, त्यामुळे गाडीचा भार डावीकडे पडतो. टायरवाला तर त्यांचा लाडका विद्यार्थी. मास्तर दुकानात शिरले की तो उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "मास्तर, तुमच्यामुळे माझं दुकान उभं आहे." हे मास्तर घरी येऊन प्रत्येकाला अभिमानाने सांगायचे.

"टेकवणं वेगळं आणि आपटणं वेगळं," मास्तर म्हणाले. "टेकवून टेंगूळ येत नाही. सूनबाई, तू जोरात टेकवतेस का?"

तिला वाटलं, हो म्हणावं आणि संपवावं. पण हो म्हटलं की गाडी गेली, आणि गाडी गेली की डोंगरही गेला.

"मी टेकवतच नाही, बाबा."

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. ताई पुढे वाकली. "म्हणजे? मग गाडी लागते कशी?"

"लागते."

"अगं, पण कळतं कसं लागली ते?"

"बघून," सूनबाई म्हणाली.

बघूने दचकून मान वर केली, त्याला वाटलं आपल्यालाच हाक मारली.

मास्तर उठले. सुई त्यांनी सासूबाईंच्या हातात दिली. "चल," ते म्हणाले. "न टेकवता गाडी कशी लागते, ते मला दाखव."

मागे सासूबाई, ताई आणि बघू कोंबून बसले. घरी राहतो असं कुणीच म्हणालं नाही, एवढा तमाशा चुकवायचा कुणी? मास्तर डाव्या सीटवर बसले. या गाडीत ते त्या बाजूला कधी बसले नव्हते. सूनबाईने सीट पुढे ओढली, पट्टा लावला आणि थांबली.

"आता काय?"

"बाबा, तेवढा डावीकडचा आरसा उघडता?"

तो आरसा कायम मिटलेला असायचा. गाडी घेतली त्या दिवशी मास्तरांनी तो मिटवला तो मिटवलाच.

"कशाला? तो लोकांना लागतो," मास्तर म्हणाले.

"मलाही लागतो, बाबा."

मागे ताईला हसू फुटलं आणि तिने ते बघूच्या खांद्यात दाबलं. मास्तरांनी काच खाली करून, दुसऱ्याच्या घराची कडी काढावी तशा संकोचाने, आरसा उघडला.

गाडी निघाली. पहिल्याच चौकात एक सायकलवाला आडवा आला आणि मास्तरांचा उजवा पाय जोरात खाली गेला, शाळेच्या गाडीत त्यांच्या बाजूला असायचा तसा ब्रेक दाबायला. ब्रेक काही नव्हताच. पाय थेट मॅटच्या भोकात गेला.

"सापडलं का?" सासूबाईंनी मागून विचारलं.

सूनबाईने आधीच वेग कमी केला होता. सायकलवाला हात दाखवून निघून गेला. तिने एक चक्कर मारली आणि पुन्हा आपल्या गल्लीत येऊन, दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत, मागे घेत गाडी लावली. कुठे काही टेकलं नाही. ती एकदा उजवीकडे बघत होती, एकदा मागे, एकदा डावीकडे. मग तिने इंजिन बंद केलं.

मास्तरांनी दार उघडून खाली पाहिलं. टायर आणि फुटपाथच्या कडेत सगळीकडे सारखं, वीतभर अंतर होतं. त्यांनी दार लावलं. मग ते तिच्या बाजूला इतके झुकले की त्यांचं डोकं तिच्या खांद्याला लागलं, आणि तिथून डावीकडच्या आरशात पाहिलं.

"कड दिसते," ते म्हणाले.

"हो."

"टायरही दिसतो की."

"हो, बाबा."

ते सावकाश सरळ बसले. "माझ्या पहिल्या गाडीला डावीकडे आरसाच नव्हता," मास्तर शेवटी म्हणाले. "दुसरीलाही नव्हता. टेकल्याशिवाय कळायचं कसं?"

"तेव्हा नव्हता," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मग आला की."

"तोवर सगळ्यांना शिकवून झालं होतं."

ते उतरले. गल्लीत गाड्यांची रांग लागली होती, सगळ्या फुटपाथला चिकटून, कशा अगदी शिस्तीत. मास्तर एकेका गाडीपाशी वाकून डावा टायर बघू लागले. प्रत्येकाची बाजू खरवडलेली होती. "हा औषधवाला. माझा," ते म्हणाले. पुढच्या गाडीपाशी, "ही गणिताची बाई. ही पण माझीच." तिसऱ्या गाडीच्या टायरवर त्यांच्या गाडीसारखंच टेंगूळ येऊ घातलं होतं. त्यावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. ताईचा हसरा चेहरा उतरला. सूनबाईला फार वाईट वाटलं. आपण जिंकलो आहोत आणि आपल्याला रडू येतंय, हे तिला कळत होतं.

ती त्यांच्याजवळ गेली. "बाबा, यातल्या एकानेही कधी माणसाला धक्का लावलेला नाही. तुमच्या विद्यार्थ्यांनी आजवर काय छळलं असेल ते फुटपाथला."

मास्तर हसले नाहीत, पण सरळ उभे राहिले. "तुला हे कधीपासून ठाऊक आहे?"

"लग्नाच्या वर्षापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आयुष्यभर शिकवलेलं. मी बाहेरून आलेली. मी काय सांगणार तुम्हाला?"

"आणि आरसा? मी रोज चक्कर मारतो. मला तर तो रोज मिटलेलाच दिसतो."

"घरी आले की मिटवते," ती म्हणाली. "दर वेळी."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षं ही मुलगी आरसा उघडून जात होती, आणि आपल्याला खुपू नये म्हणून मिटवून घरात येत होती. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"बघू, टेंगूळ कुणाचं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"बघ..." बघू म्हणता म्हणता थांबला. "माझं असेल, बाबा. परवा जरा जोरात टेकला."

"माझंही असू शकेल," ताई म्हणाली.

"माझं आहे," मास्तर म्हणाले. "चला दुकानात."

टायरवाला रविवारी अर्धा दिवस दुकान उघडं ठेवायचा. मास्तरांना पाहून तो उठून उभा राहिला. "या, मास्तर! तुमच्यामुळे तर माझं दुकान उभं आहे."

मास्तर दारातच थबकले. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. "हे म्हणताना तू हसतोस का रे?"

"छे! मी कुठे हसतो?" टायरवाला हसू आवरत म्हणाला. "नेहमीप्रमाणे डावे ना?"

"चार," मास्तर म्हणाले. "आणि यापुढे तुझं दुकान तुझ्या जिवावर चालव."

टायरवाल्याला काही कळलं नाही. त्याने गडबडीने विचारलं, "बरं, चालवणार कोण?"

ताई दाराशी होती, बघूच्या हातात फोन होता, सासूबाई टायरांच्या चळतीवर टेकल्या होत्या. सगळे मास्तरांकडे बघत होते. सूनबाई तेवढी जमिनीकडे बघत होती.

"सूनबाई," मास्तर म्हणाले. "घाटाचा रस्ता, ओला. पुढे कच्चा. मागे वजन. वेगात जात नाही. खोल नक्षी, जाड बाजू, पण शेतातले नकोत, मधले दे. आणि बाजूचे आकडे आधी तिला दाखव."

"मग माझा शनिवार?" ताईने विचारलं.

"तिला विचार. तिने दिली तर ने. आणि वळणावर आधी वेग कमी कर, तिचे टायर आहेत ते."

सोमवारी सकाळी सूनबाई पेट्या घेऊन बाहेर आली तेव्हा गाडी फुटपाथपासून वीतभर अंतरावर उभी होती. काळेभोर नवे टायर होते. तिने सवयीने वळसा घालून डावीकडच्या आरशाकडे हात नेला आणि थांबली. आरसा उघडाच होता. ती आत जाऊन बसली. सीट पुढे ओढलेलीच होती आणि आरशात मागचं चाक, फुटपाथची कड, सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. तिच्या उंचीला अगदी बरोबर.

खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं. "अगं, पहाटेच उठून बसले होते तुझ्या सीटवर. गुडघे हनुवटीला लागले होते, पण आरसा सोडायला तयार नाहीत. आता कंबर धरून बसलेत."

मास्तर फाटकापाशी उभे होते. कंबर धरूनच. डोंगराकडे बघत ते म्हणाले, "संध्याकाळी आलीस की तो मिटवू नकोस."

"आणि लोकांना लागला तर?"

"लागू दे," मास्तर म्हणाले.